हिरवं झाल्यावर पैसे

एक वेळ सोडली तर अण्णांनी आमच्या घराची घंटी कधी वाजवली नाही. फाटक उघडायचं, चपला बाहेरच काढायच्या, हिरवळीच्या कडेला गुडघे टेकायचे आणि उजव्या हाताचं एक बोट गवतात खुपसायचं, ही त्यांची येण्याची रीत. पहिल्यांदा मी त्यांना पाहिलं तेही असंच. मी खिडकीशी वाचत बसले होते. बाहेर एक अनोळखी, उंच गृहस्थ आमच्या गवतात बोट घालून, डोळे मिटून, वैद्याने नाडी पाहावी तसा बसला होता. मी अक्काला हाक मारली. दारात कुणी आलं की मी अक्कालाच हाक मारत असे. माझी सगळी नोकरी कॉलेजच्या ग्रंथालयात झाली, पण माणसांशी बोलायची सवय कधी लागली नाही. अक्का माझी थोरली बहीण, तालुका कचेरीतून निवृत्त झालेली. हुबळी-धारवाडच्या मधल्या रायापूरच्या त्या घरात आम्ही दोघीच राहत होतो आणि बोलण्याचं खातं तिच्याकडे होतं.

"कोण हो तुम्ही? काही हरवलंय काय आमच्या लॉनमध्ये?" अक्काने पायरीवरूनच विचारलं.

"दीड पेर," ते डोळे न उघडता म्हणाले.

"काय दीड पेर?"

"गादी झालीय, अक्का. वरून छान दिसतंय. खाली सगळं मेलेलं आहे."

"मेलेलं असो नाहीतर जिवंत असो, आमचं आहे ते."

"आहे की. म्हणून तर विचारायला आलो."

"बोट घालून झाल्यावर?"

मग दोघंही हसले. त्या दिवसापासून ते आमचे अण्णा झाले. धारवाडात हे काही नाव नव्हे. वयाने जरा मोठा दिसला की कुणीही अण्णा होतो. पण मी त्यांना दुसऱ्या नावाने कधी ओळखलं नाही, त्यामुळे इथेही तेवढंच लिहिते.

अण्णा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले होते. हुबळीत कमरीपेठेत एका खोलीत एकटे राहत. बायको फार पूर्वी गेली, मूल नव्हतं, एक पुतण्या होता. निवृत्तीनंतर त्यांनी हा विचित्र उद्योग काढला होता. हुबळी-धारवाडच्या बंगल्यांपुढची हिरवळ ते विंचरून देत. विंचरणं हा त्यांचाच शब्द. गवत वाढत जातं तसं खालचं मरत जातं, आणि त्या मेलेल्या काड्यामुळ्यांची एक गादी मातीवर साठते. मग पाणी घाला, खत घाला, सगळं त्या गादीतच अडकतं. ती गादी ओरबाडून काढली तरच मुळांना श्वास मिळतो. पण हे सांगूनही लोकांना पटत नसे. वरून हिरवं दिसत असताना खाली बिघडलंय यावर कोण पैसे खर्च करणार?

त्यांच्याकडे कुठल्याशा क्लबाने मोडीत काढलेलं पेट्रोलवरचं यंत्र होतं. तीनचाकी टेंपोत घालून ते आणत. त्याच्या पोटात एक आडवा दांडा फिरे आणि दांड्यावर पोलादी पाती उभी बसवलेली असत. ती गवतात शिरून खालचं वाळकं वर ओढून काढत. दुसरा एक दांडा होता, त्याला पात्यांऐवजी स्प्रिंगचे काटे. जाड, गाद्यागाद्यांनी वाढणाऱ्या मेक्सिकन गवताला पाती लावायची आणि आपल्या साध्या हरळीला काटे, हा त्यांचा कायदा. "हरळीला पाती लावणं म्हणजे तान्ह्या पोराला तारेच्या ब्रशनं आंघोळ," असं ते म्हणत. यंत्र भिंतीच्या कडेला पोचत नसे. तिथे लोखंडी दंताळं. खरं तर यंत्र ते नाइलाजाने वापरत. दंताळं हातात घेतलं की त्यांचा चेहरा निवळायचा.

दर मात्र त्यांनी कुठून शोधून काढला होता, देव जाणे. बाकीचे सगळे चौरस फुटावर घेतात. अण्णा पेरावर घेत. बोट किती आत गेलं, त्यावर. एक पेर असेल तर अमुक, दोन पेरं तर दुप्पट. तीन पेरं गेलं तर ते काम घेतच नसत. "ते आता गवत नाही, माती करा आणि नवीन लावा," म्हणून उठत. यंत्राचं भाडं वेगळं नाही, कचरा उचलण्याचं वेगळं नाही. पण जे लोक हिरवळीवर बसतात त्यांना सूट, आणि जे नुसते बघतात त्यांना पूर्ण दर. कारण विचारलं तर म्हणत, "गवताला माणसाचं वजन लागतं हो." खात्यात असताना एका धरणावरच्या विश्रामगृहाची हिरवळ त्यांच्या ताब्यात होती. मोठमोठे साहेब यायचे, फोटो काढायचे, जायचे. "सगळ्या नोकरीत त्यावर कुणी बसलेलं बघितलं नाही मी," हे त्यांनी अक्काला इतक्यांदा सांगितलं होतं की ती त्यांच्या आधीच वाक्य पुरं करायची.

आमच्या गल्लीच्या टोकाला एक डॉक्टर होते. त्यांनी लॉनमध्ये पाटी लावली होती: गवतावर चालू नये. अण्णांनी त्यांना चौपट दर सांगितला.

"चौपट? काय म्हणून?"

"पाटीचे आहेत ते, डॉक्टर. पाटी काढली तर निम्मे."

"आणि सूट हवी असेल तर?"

"तर तुम्ही इथं बसायचं. माझ्यासमोर. आत्ता."

डॉक्टर पँट झाडत बसले, अण्णाही शेजारी बसले, आणि दोघांनी तिथेच चहा घेतला म्हणतात. पाटी पुढे डॉक्टरांच्या गॅरेजमध्ये दिसायची.

पण अण्णांची खरी रीत वेगळीच होती. ते काम करून लगेच पैसे घेत नसत. हिरवं झाल्यावर पैसे.

याला कारण होतं. गादी काढल्यावर हिरवळ भयंकर दिसते. वळवाच्या एकदोन सरी झाल्यावर त्यांनी आमचं गवत पहिल्यांदा विंचरलं, तेव्हा संध्याकाळी अंगणात सोललेल्या नारळासारखी जमीन उरली होती आणि फाटकाशी वाळक्याचा ढीग अक्काच्या खांद्याला लागत होता.

"मारलंत की हो!" अक्का ओरडली. "चांगलं जिवंत गवत मारलंत!"

"न्हाव्याकडनं आल्यावर आरशात बघून रडायचं नसतं, अक्का. थोडं थांबा."

"थांबते. पैसे पण थांबवते."

"तेच तर म्हणतोय. हिरवं झाल्यावर द्या. मी येत जाईन बघायला."

आणि ते येत राहिले. दर गुरुवारी, दुपारची झोप झाल्यावरच्या वेळेला. बोट घालायचं, मग पायरीवर बसायचं, अक्काने केलेला चहा आणि पातळ पोह्यांचा चिवडा घ्यायचा. कचेरीतली माणसं, बदल्या, कुणाच्या मुलीचं लग्न, मध्येच कानडी, मध्येच मराठी, मध्येच एकमेकांची टिंगल. मी आत खिडकीशी पुस्तक उघडून बसलेली असे. मला बाहेर जाऊन बसावंसं वाटायचं, पण गेले तर काय बोलायचं हे ठरवेपर्यंत चहा संपायचा. म्हणून मी ऐकायची. सगळा आठवडा आमच्या घरात तेवढाच एक आवाज परका असायचा, आणि तो गेला की घर पुन्हा पुस्तकासारखं मिटायचं.

गवत वाढलं. पसरलं. इतकं दाट झालं की शेजारचे फाटकाशी थांबून बघायला लागले. अक्का पाकीट घेऊन बाहेर आली.

"घ्या आता. हिरवं झालं."

अण्णांनी वाकून पाहिलं. "हे हिरवं नव्हे, अक्का. पोपटी आहे."

"पोपट काय लाल असतो?"

"पोपटी म्हणजे कोवळं. अजून रंग धरायचाय."

पुढच्या गुरुवारी ते मेंदीच्या रंगाचं होतं, त्याच्या पुढच्या गुरुवारी सावलीत एक आणि उन्हात दुसरं. दिवाळी आली तरी अण्णांच्या लेखी आमची हिरवळ हिरवी झाली नव्हती. शेवटी कोपऱ्यातल्या फणसाची पानं पडून गवत पुन्हा पिवळं व्हायला लागलं, तेव्हा त्यांनी नाइलाजाने पैसे घेतले, आणि घेताना तोंड असं केलं की जणू आम्हीच त्यांना काढून टाकत होतो.

मला वाटतं अक्काला तेव्हाच कळलं. पुढच्या वर्षी तिने त्यांना कधी पाकीट दाखवलंच नाही. उलट नळापलीकडच्या कोपऱ्याला ती पाणी घालेना. मी विचारलं तर म्हणाली, "पाइप पोचत नाही गं तिथवर." आमचा पाइप रस्त्यापर्यंत पोचायचा. गुरुवारी ती अण्णांना तो कोपरा दाखवून म्हणायची, "बघा, हे काय काम तुमचं!" आणि अण्णा गंभीरपणे म्हणायचे, "होय की. यावं लागेल अजून."

सगळी गिऱ्हाइकं काही अक्का नव्हती. लोकांना दर आठवड्याला एक माणूस पायरीवर येऊन बसणं अवघड व्हायला लागलं. मग पुतण्याने हा धंदा हातात घेतला. त्याचं हुबळीत कोप्पीकर रोडला शेतीच्या अवजारांचं दुकान होतं. मुलगा वाईट नव्हता. काकांनी उतारवयात टेंपोतून हिंडू नये असं त्याला मनापासून वाटत होतं. त्याने नवं यंत्र आणलं, दोन कामगार ठेवले, गुळगुळीत कागदावर दरपत्रक छापलं. चौरस फुटाला एवढे, यंत्राचे एवढे, कचरा नेण्याचे एवढे, पैसे आगाऊ, फोनवरून. एका गुरुवारी तो अण्णांना न्यायला आमच्याकडे आला आणि पायरीशीच दोघांचं सुरू झालं.

"काका, तुमचा दर कुणाला कळत नाही."

"कळत नाही म्हणून तर विचारतात."

"विचारायला वेळ कुणाला आहे आता? अर्ध्या तासात काम होतं. पोरं येतात, करतात, जातात."

"परत कोण येतं बघायला?"

"बघायचं काय त्यात? गवत आहे ते. आपोआप येतंय वर."

अण्णांनी वाकून गवतात पुन्हा बोट घातलं. अक्का म्हणाली, "आमचं मात्र अण्णाच करणार बघ. आमच्या गवताला तुझं यंत्र सोसायचं नाही." तो हसला आणि गेला. हळूहळू अण्णांची गिऱ्हाइकं त्याच्याकडे वळली. कुणी वकील गेले, डॉक्टर गेले, विद्यापीठाकडचे बंगले गेले. नव्या यंत्राने त्यांची कामं चांगलीच होत, यात खोटं नाही. अण्णांकडे शेवटी आमचं एकच घर उरलं. एक घर आणि एक गुरुवार.

त्यानंतरच्या थंडीत अक्का गेली. फार आजारी नव्हती. सकाळी उठली नाही, इतकंच. दिवस झाले, नातेवाईक आले आणि गेले. अण्णा रोज येऊन फाटकाजवळ उभे राहत आणि परत जात. मग माणसं पांगली आणि तेही येईनासे झाले. घरात नळाचा आवाज ऐकू यायला लागला.

वळीव पडल्यावर ते आले. टेंपो नव्हता, यंत्र नव्हतं, खांद्यावर दंताळं. बोट घातलं, आणि अख्खी हिरवळ हाताने विंचरायला घेतली. सकाळपासून उन्हं कलेपर्यंत. मी खिडकीशी होते. चहा केला, पायरीवर ठेवला, आत आले. बाहेर थांबून काहीतरी बोलावं असं वाटत होतं आणि तोंडात शब्द येत नव्हता. अक्का असती तर इतक्या वेळात तीन भांडणं झाली असती.

आणि मग घंटी वाजली. मी दार उघडलं. अण्णा उभे होते, हात धुऊन, सदऱ्याच्या बाह्या खाली सोडून.

"झालं, बाई. पैसे देता काय?"

"आजच?"

"आजच देऊन टाका."

मी दिले. त्यांनी खिशात घातले, नमस्कार केला. पुढच्या गुरुवारी मी पुस्तक घेऊन खिडकीशी बसले. ते आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. गवत हिरवं झालं, त्यांच्या सगळ्या अटींत बसेल असं हिरवं. बघायला कुणी नव्हतं.

मी आयुष्यात विनाकारण कुणाच्या घरी गेलेले नाही. जायचं म्हटलं की आधी कारण शोधावं लागतं. अक्कासाठी अण्णांनी बेताच्या वजनाचं एक दंताळं करवून दिलं होतं, अधूनमधून विंचरायला. मी ते काढलं, पकडीने त्याच्या एका काट्याचा नट सैल केला, आणि बसमध्ये बसून कमरीपेठेत गेले.

गल्लीत पत्र्याची, टाक्यांची ठोकाठोक चालली होती. वरच्या मजल्यावर अण्णांची खोली. एक कॉट, एक स्टोव्ह, चादर घातलेलं जुनं यंत्र. खाली फरशी, वर पत्रा, खिडकीतून दिसेल ते सिमेंट. सगळ्या घरात हिरवी वस्तू एक नव्हती.

"बाई!" ते ताडकन उठले. "तुम्ही? काय झालं?"

"काटा हलतोय याचा."

त्यांनी दंताळं हातात घेतलं, नट पाहिला, नटावरची पकडीची ताजी खूण पाहिली. माझ्याकडे पाहिलं नाही. चहा ठेवला. कपात चहा ओतताना, पाठ फिरवूनच म्हणाले, "मी यायचं बंद केलं ते रागानं नव्हे, बाई."

"मग?"

"तुम्ही वाचत असायचात. मी आलो की तुमचं पान उलटायचं थांबायचं. खिडकीतून दिसायचं मला. वाटायचं, आपला त्रास होतोय यांना. अक्का होत्या तोवर चालून गेलं."

चहावर साय धरली.

"मी ऐकत असायचे, अण्णा," मी म्हणाले. "ऐकताना पान उलटत नाही माणूस."

ते कॉटच्या कडेला बसले. मग त्यांनी दंताळं उचललं, काटा हलवून पाहिला आणि म्हणाले, "हे काम लगेच होणारं नव्हे. गुरुवारी या."

मी गुरुवारी गेले. काटा अजून हलत होता. त्याच्या पुढच्या गुरुवारीही हलत होता. त्यांच्या मते कधी वायसर बरोबर नव्हता, कधी आटे झिजले होते, कधी लोखंडच हलकं होतं. मी चिवडा घेऊन जात असे. अक्कासारखा होत नसे, आणि ते तसं तोंडावर सांगत. त्यांना मी काय वाचते ते ऐकायचं असे. मी सांगायला लागले. आधी अडखळत, मग एकदा सांगता सांगता बस चुकली इतकं. "तुम्ही बोलता की हो," ते एकदा म्हणाले, "उगाच अक्कांवर भार टाकलात." मी हसले आणि मग रडले, आणि त्यांनी दोन्ही गोष्टींकडे लक्ष नसल्यासारखं दंताळ्याशी चाळा केला.

यंदा उन्हाळा संपता संपता मी एका गुरुवारी गेले तर खोलीचं दार उघडं होतं आणि पुतण्या कॉट उचलायला माणसं घेऊन आला होता. अण्णा मंगळवारी गेले. मला कळवायला त्याच्याकडे माझा नंबर नव्हता. काका नेहमी म्हणत, त्या येतातच गुरुवारी.

त्याने भिंतीशी उभं केलेलं दंताळं माझ्या हातात दिलं. काटा घट्ट होता.

"याला काही झालेलंच नव्हतं हो," तो म्हणाला. "काका गुरुवारी सकाळी नट सैल करायचे आणि तुम्ही गेल्यावर आवळून ठेवायचे. मी एकदा विचारलं तर म्हणाले, तुझ्या दरपत्रकात नाही हे." तो हसायला गेला आणि त्याला जमलं नाही. "चहा घेता काय, बाई? मला करता येतो."

आम्ही रिकाम्या खोलीत उभ्याने चहा घेतला. मी त्याला त्याच्या काकांनी पोपटी आणि हिरवा यांवरून घातलेला वाद सांगितला. त्याला त्यातलं काही माहीत नव्हतं.

परतीच्या बसमध्ये दंताळं नीट धरता येईना. काटे वर केले तर छताला लागत, खाली केले तर लोकांच्या पायात येत. शेवटी शेजारच्या बाईंनी त्याचा दांडा आपल्या गुडघ्यांमध्ये धरला. माझ्याएवढ्याच असतील, मांडीवर भाजीची पिशवी. त्यांनी कानडीत विचारलं, हे काय हो, एवढं मोठं?

मी खिडकीबाहेर बघितलं असतं, एरवी. पण त्यांनी दांडा धरला होता. मी सांगितलं. गवत खालून कसं मरतं, गादी म्हणजे काय, ती का काढायची. उणकलचं तळं मागे गेलं तरी मी सांगतच होते.

"अय्यो, आमच्या दारातही तेच झालंय की," त्या म्हणाल्या. "मुलानं हौसेनं लावलं. तो आणि सून दिवसभर नोकरीला. मी एकटीच बघत बसते त्या गवताकडं. पिवळं पडत चाललंय." मग दंताळ्याकडे, माझ्या चष्म्याकडे, पुन्हा दंताळ्याकडे बघत त्यांनी विचारलं, "एष्टु तगोतीरी? किती घेता तुम्ही?"

"बघितल्याशिवाय नाही सांगता येणार," मी म्हणाले. "कधी येऊ?"